बरडावरच्या झाडांची यादी

पानं नसलेलं झाड ओळखायला मला माझ्या आत्यानं शिकवलं. त्या शिकण्याचा मला आयुष्यात एकदाच खरा उपयोग झाला, आणि तोही माझ्या भावांच्या वाटणीत.

माझं माहेर हिंगणीच्या पुढं, बोर धरणाच्या अंगाला. बाबांची बारा एकर जमीन. खालचा भाग काळ्या मातीचा, तिथं कालव्याचं पाणी लागतं. वरचा भाग बरड, म्हणजे मुरूम आणि दगडगोटे. मधून एक नाला जातो. बरडावर कधी कोणी काही पेरलं नाही. तिथं आणि नाल्याच्या कडेनं झाडं आहेत, बरीचशी आपोआप उगवलेली, थोडी आजोबांनी राखलेली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती आमच्याच घरी राहिली. लोकांच्या भाषेत ती ‘भावाकडे असायची’. खरं तर शेत तिच्याच हातावर चालायचं. निंदण, कापूस वेचणं, ढोरांचं चारापाणी, सरपण, सगळं तिचं. थंडीत सकाळी अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापायचं. मी तिच्या बाजूला बसून शेकत असायचे आणि ती बरडावरून आणलेल्या काड्या मोडून चुलीत सारायची. चुलीत घालण्याआधी एकेक काडी माझ्या हातात द्यायची.

“डोये मीट आन हात लाव,” म्हणायची. “सांग, कोणाची व्हय?”

सागाची काडी चौकोनी. चार बाजू बोटाला स्पष्ट लागतात, आणि पानं गळून पडलेल्या जागांचे वण दोन-दोन, समोरासमोर असतात. शिवणीचे वणसुद्धा समोरासमोर, पण काडी गोल आणि अंगावर बारीक पांढरे ठिपके. मोवईची काडी जाड, मऊ, आणि तिचे वण समोरासमोर कधीच नसतात, टोकाला दाटीनं गोळा होतात. सालईची साल कागदासारखी सुटते आणि मोडली की वास येतो. धावड्याच्या काड्या बारीक, खाली लोंबणाऱ्या. पळसाच्या काडीला मखमलीसारखी लव. चुकलं की आत्या तीच काडी परत हातात द्यायची. रागवायची नाही. बरोबर आलं की काडी चुलीत जायची आणि ती दुसरी उचलायची.

पुढं मी वर्ध्याला बी.एस्सी. केलं, लग्न होऊन पुलगावला गेले आणि तिथल्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत विज्ञान शिकवलं. पुस्तकात पानांवरून झाडं ओळखायची असतात. हिवाळ्यात मी मुलांना काड्या आणून दाखवायचे, पण परीक्षेत ते येत नाही म्हटल्यावर मुलंही फारसं बघायची नाहीत.

आई आधी गेली. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर पौषात मोठ्या भावाचा फोन आला. तो हिंगणीलाच असतो, शेती तोच करतो.

“बाई, सोमवारी येजो. काम हाये तुझ्याजवळ.”

“काय काम?”

“तुले झाडं ओळखता येते ना? पानं नाईत आता. वाटणीच्या कागदात झाडं लेहा लागते, कोणतं कोणाच्या हिश्श्यात ते. मी एक सांगतो, तो दुसरं सांगते. तारीख आली जवळ. पानं फुटेपर्यंत कोण थांबते?”

‘तो’ म्हणजे आमचा धाकटा. त्याचं वर्ध्याला हार्डवेअरचं दुकान आहे. दोघांचं बाबांच्या आजारपणापासून पटत नव्हतं. मला फोनवर आनंद झाला, हे मी कबूल करते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मला काहीतरी येतं आणि त्याची कोणाला तरी गरज आहे, असं ऐकायला बरं वाटलं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी वर्ध्याला उतरले. स्टेशनवर धाकटा कार घेऊन आला होता. पवनार गेल्यावर त्यानं विषय काढला.

“ताई, तुले म्हणून सांगतो. दादा मले फसवून राह्यला. चांगल्या झाडाले मोवई म्हणते, आन मोवईले वाळलेलं म्हणते. मले काय समजते? मी लोखंड विकणारा माणूस.”

“मी जे आहे तेच सांगीन,” मी म्हणाले.

“म्हणूनच त तुले बोलावलं. तुझ्यावर दोघायचाही भरोसा हाये.”

घरी पोचल्यावर वहिनीनं चहा दिला. मग आम्ही चौघं निघालो. मोठ्याच्या हातात गेरूचा डबा आणि ब्रश, धाकट्याच्या खांद्यावर टेप, वहिनी मागून पाण्याची बाटली घेऊन. माझ्याकडं वही. कपाशी उपटून झाली होती, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेले होते. हरभरा घाट्यावर होता. ऊन कोवळं होतं आणि नाल्यापलीकडचं सगळं जंगल राखाडी दिसत होतं. लांबून पाहिलं तर एक झाड दुसऱ्यासारखं. 

आम्ही नाल्यापासून सुरुवात केली. मी खालची फांदी ओढायची, काडी हातात घ्यायची आणि नाव सांगायचं. मोठा खोडावर गेरूनं आकडा घालायचा. मी वहीत आकडा आणि नाव लिहायचे. पहिली सात झाडं सागाची होती. मोठी झाडं तर तोही ओळखत होता, पण मधली कोवळी, मनगटाएवढी, त्यालाही सांगता येत नव्हती. धाकटा प्रत्येक वेळी माझ्या हातातून काडी घेऊन बघायचा.

“चौकोनी, बरोबर?”

“बरोबर.”

“मंग हाही साग.”

त्याला मजा वाटायला लागली. दहा-बारा झाडांनंतर त्याचं बरोबर यायला लागलं. मीच त्याला शिकवत होते, आत्यानं मला शिकवलं तसं. एका ठिकाणी मी त्याला डोळे मिटायला लावले आणि त्यानं मिटले, पन्नाशीच्या पुढच्या माणसानं. मोठाही हसला. खूप वर्षांनी आम्ही तिघं एकत्र हसलो. ते हसू मला आजही आठवतं आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

नाल्याच्या वळणावर एक उंच, फिकट सालीचं झाड होतं. मोठा थांबलाच नाही.

“हे सोड. मोवई हाये, तेही वाळलेली. माझ्या धुऱ्यावर येते, मी पाडून टाकीन.”

“थांब ना,” धाकटा म्हणाला. “ताई, तू पाह्य.”

फांदी उंच होती. धाकट्यानं उडी मारून टोक वाकवलं. मी काडी मोडली नाही, नुसता नखानं ओरखडा काढला. आत हिरवी. वण समोरासमोर. अंगावर पांढरे ठिपके.

“वाळलेलं नाही. आणि मोवईही नाही. शिवण आहे.”

शिवणीचं लाकूड चांगलं असतं, दारं-खिडक्या, पलंग, सगळ्याला चालतं. हे दोघांनाही माहीत होतं. मोठ्याचं तोंड उतरलं.

“तू त्याच्या गाडीत बसून आली, त्याच्या बाजूनं बोलून राह्यली.”

“दादा, हे बघ.” मी शेजारच्या मोवईची एक काडी तोडून आणली आणि दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवल्या. “हिचे वण एकासमोर एक आहेत. हिचे नाहीत. तूच सांग आता.”

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग गेरूचा ब्रश बुडवला आणि शिवणीवर आकडा घातला. धाकटा खूश झाला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि दादाला म्हणाला, “मी म्हणलो होतो ना, ताईच पाह्यजे. ताईले काय, ताईले त काही घ्याचंच नाई. ते खोटं कायले बोलन?”

मोठा म्हणाला, “तेही खरं.”

वहिनीनं मला पाणी दिलं. मी प्यायले. मी वहीत ‘शिवण’ लिहिलं आणि पुढं चालायला लागले. पण त्यानंतरची सगळी झाडं मी वेगळ्याच मनानं पाहिली. प्रत्येक काडी हातात घेताना वाटायचं, माझ्यावर यांचा भरोसा आहे, कारण यांच्या हिशेबी मी इथं नाहीच.

नाल्याची कड संपली तेव्हा एकेचाळीस आकडे झाले होते. वर बरडावर मोवई, सालई, पळस, मधूनमधून धावडा. तिथं कोणी उडी मारून फांदी वाकवली नाही. धाकटा फोनवर बोलत होता. मी तिथल्या प्रत्येक झाडाला हात लावला आणि नाव लिहिलं. यादी पूर्ण झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

जेवायला वहिनीनं तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकरी केली होती. जेवण झाल्यावर धाकट्यानं कारमधून एक फाइल आणली. सेलूच्या अर्जनवीसाकडून टाइप करून आणलेले कागद. त्यातला एक त्यानं माझ्यापुढं ठेवला आणि वर पेन ठेवला.

“हे काय आहे?”

“काई नाई ताई, नुसती फॉर्म्यालिटी. तुझं नाव कमी कराचं हाये.”

मी वाचलं. हक्कसोडपत्र होतं. मी स्वखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय, भावांवरच्या नैसर्गिक प्रेमापोटी वडिलोपार्जित जमिनीवरचा माझा सगळा हक्क सोडून देत आहे, असं त्यात लिहिलं होतं. माझं नाव, वय, पुलगावचा पत्ता, सगळं बरोबर. यादीच्या कामाचा फोन झाला, त्याच्या आधीच हा कागद तयार झाला असणार.

‘नाव कमी कराचं हाये.’ हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. ऐकलं काय, मीच बोलले होते.

आजोबा वारले तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले होते. ओसरीत एक लिहिणारा माणूस बसला होता आणि बाबांनी आत्याला शेतातून बोलावून घेतलं होतं. तिनं पदराला हात पुसले, शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि दाखवलेल्या जागी उमटवला. शाई वाळायला कागद खाटेवर ठेवला होता. आत्या माझ्याजवळ आली.

“काय लेहलं हाये व त्याच्यात? वाचून सांग.”

मी कागद उचलला. दोन ओळींत मला कळलं. मी वर पाहिलं. बाबा चहाच्या कपाकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मी म्हणाले, “काई नाई आत्या. आजोबाचं नाव कमी करून बाबाचं चढवून राह्यले.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि परत शेतात गेली.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं टोचत राहिलं. आजोबांचं नाव कमी होतच होतं. त्याच्याबरोबर तिचंही होत होतं, एवढंच मी सांगितलं नाही. मला वाचता येत होतं, मी कॉलेजात शिकत होते, आणि मला बाबांना दुखवायचं नव्हतं. आत्याला नंतर कळलं की नाही, मला माहीत नाही. बारा वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या नावावर काहीच नव्हतं, त्यामुळे मागं कुठल्याही कागदाची गरज पडली नाही.

मी पेन बाजूला ठेवला.

“मले विचारलं का कोणी?”

मोठा म्हणाला, “त्यात विचाराचं काय? तुम्हा दोघायले पेन्शन हाये, पुलगावले घर हाये. सगळ्याच बहिणी देते सही.”

“देत असतील. मले पाहिजे की नको, हे विचारलं का?”

“पाह्यजे का मंग?”

खरं सांगायचं तर तोवर मलाही माहीत नव्हतं. सकाळी स्टेशनवरच धाकट्यानं म्हटलं असतं, ताई, आम्हाला राहू दे, तू सोडून दे, तर मी बहुतेक सही केली असती. पण मला नाल्याकाठानं झाडामागून झाड फिरवलं, माझ्याकडून यादी करून घेतली आणि जेवण झाल्यावर पेन पुढं केला.

“हो,” मी म्हणाले. “पाहिजे.”

मग वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “आत्याबाईनं सारा जलम काढला अठी. कधी तोंडातून शब्द काढला नाई.”

“तिला वाचता येत नव्हतं,” मी म्हणाले.

पुढचं मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्या घरात ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे.

वही तिथंच राहिली. मी पर्स उचलली आणि हिंगणीच्या स्टॉपवर येऊन सेलूची बस धरली. निघताना मागं पाहिलं तर दोघं भाऊ कारजवळ एकमेकांशी बोलत उभे होते. दोन वर्षं एकमेकांशी धड न बोलणारे. माझ्यामुळं त्यांचं जमलं.

माझा नवरा म्हणाला, “सोडून दे, कशाला डोक्याला ताप?” मग माझ्याकडं पाहून म्हणाला, “नको सोडू.” त्याच्याकडून एवढं पुरे होतं. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

महिन्याभरानं सेलूला मामाच्या घरी बैठक झाली. मामा ऐंशीच्या पुढं, कानानं अधू, पण तिघांनाही मान्य. त्यांच्या सतरंजीवर माझी वही उघडी होती, माझ्याच अक्षरातली. धाकट्यानं वहीवर बोट ठेवलं.

“बारा एकर, तिघंजण, चार-चार एकर. बरोबर? कोणावर अन्याव नाई. एक ते एकेचाळीस नंबर, म्हणजे नाल्याच्या दोन्ही कडा, खालच्या दोन तुकड्यात येते. बेचाळीसपासून पुढचं ताईचं.”

मी म्हणाले, “म्हणजे बरड.”

“चार एकर त हाये ना?”

“तिथं काय येतं?”

मोठा बाबांसारखाच खाली बघत म्हणाला, “झाडं हाये. तूच लेहून देल्ली.”

बेचाळीसपासून पुढं मोवई, सालई, पळस, धावडा. एक साग नाही, एक शिवण नाही. दोन्ही भावांना आता काडी ओळखता येत होती आणि त्यांनी रेघ अगदी बरोबर ओढली होती. मामानं मोठ्यानं विचारलं, “पोरी, मान्य हाये का तुले?” कोर्टात गेले असते तर काळ्या जमिनीतला तुकडा मिळाला असता, असं मी विचारलेला एक वकील म्हणाला होता. किती वर्षांनी, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मी साठीची आहे. मी हो म्हणाले. सही केली आणि पेन धाकट्याला परत दिला.

सातबाऱ्यावर माझं नाव आलं. त्या वर्षी राखीला मी दोन पाकिटं पोस्टानं पाठवली. पोचली का, हे कोणी कळवलं नाही. दिवाळीत कोणाचा फोन आला नाही. वहिनीनं गावात सांगितलं की बहिणीनं भावांच्या तोंडचा घास काढला. ज्या जमिनीत कुसळसुद्धा धड येत नाही तिच्याबद्दल हे.

मोठ्यानं परवानगी काढून नाल्यावरचे मोठे साग पाडले. शिवणही गेली. पाडणाऱ्यांना ती दाखवायला मी नको होते.

यंदा पौषात मी एकटीच तिकडं गेले. सेलूहून बसमध्ये शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिनं विचारलं, “माहेरी चालल्या का ताई?”

मी म्हणाले, “नाही. शेतावर.”

माझ्या चार एकराला जायचं तर मोठ्याच्या शेतातून जावं लागतं. तो हरभऱ्याला पाणी देत होता. मी दिसल्यावर त्यानं फावडं थांबवलं. इतक्या महिन्यांनी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

“धुऱ्यानं जाजो,” म्हणाला. “पिकातून नको जाऊ.”

मी धुऱ्यानं गेले. वर पोचले तेव्हा सगळी झाडं उघडी होती. गेरूचे आकडे पावसानं फिके झाले होते, काही पुसले होते. मी तासभर दगडावर बसले आणि डबा खाल्ला. मोवईवर चिमण्यांचा थवा आला आणि उडाला. करण्यासारखं तिथं काही नव्हतं. दुपारची बस चुकू नये म्हणून लवकर उठले आणि परत धुऱ्यानंच खाली आले. तो तेव्हा शेताच्या दुसऱ्या टोकाला होता, माझ्याकडं पाठ करून पाण्याचा दांड वळवत होता.